चार विसा आणि सतरा

पत्र थोडक्यात असं: "ताई, मी 33 वर्षांची, मूळची सांगलीची, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. चार वर्षांपासून फ्रान्समध्ये तुलूझला नोकरी करते. ऑफिसचं सगळं काम इंग्रजीत चालतं, फ्रेंच येतं ते बाजारहाटापुरतं. लहानपणापासून विमान चालवायचं मनात होतं. मार्चमध्ये इथल्या एका छोट्या धावपट्टीवरच्या क्लबात पहिलं चाचणी उड्डाण केलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. पण या धावपट्टीवर रेडिओवर फक्त फ्रेंच चालतं, आणि इन्स्ट्रक्टरचं इंग्रजी तुटकं आहे. मला तीन वाटा दिसतात. सुट्टी काढून दुसऱ्या देशातल्या इंग्रजी शाळेत महागडा कोर्स करायचा, लांब रजा टाकून कराडला येऊन शिकायचं, नाहीतर दोन वर्षं थांबून आधी फ्रेंच पक्कं करायचं. बाबा मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी होते. ते म्हणतात, जिथली बोली कळत नाही तिथं जीव टांगणीला लावू नये. आई विचारते, उपयोग काय? इंग्रजी यावं म्हणून मी काय काय सोसलंय ते मलाच माहीत. विमानाची भाषा जगभर इंग्रजीच ना? मग मी परत पहिलीच्या वर्गात का बसू?"

वयानं तू माझ्या लेकीएवढी, म्हणून 'तू'च म्हणते.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. मीही मराठी शाळेतली. सव्वीस वर्षं मुलांना विमान चालवायला शिकवलं आणि आता साताऱ्यात, अजिंक्यतारा दिसतो अशा घरात, निवांत बसून ही पत्रं वाचते. इंग्रजीसाठी तोंड बंद ठेवून काढलेली वर्षं माझ्याही वाट्याला आली, त्यामुळे तुझं दुखणं कुठं आहे ते कळतं.

विमानाची भाषा इंग्रजीच, हे अर्धं खरं आहे. आंतरराष्ट्रीय नियम असा की जमिनीवरचं केंद्र एरवी ज्या भाषेत बोलतं त्या भाषेत किंवा इंग्रजीत बोलायचं. जिथून परदेशी विमानं येतात-जातात तिथं इंग्रजीची सोय असलीच पाहिजे. म्हणजे तुलूझच्या मोठ्या विमानतळाचा टॉवर तुझ्याशी इंग्रजीत बोलेल. तुझ्या क्लबच्या धावपट्टीवर टॉवर नसावा. अशा ठिकाणी वैमानिक एकाच फ्रिक्वेन्सीवर एकमेकांनाच सांगतात, मी अमुक विमान, इतक्या उंचीवर, आता वळतोय, आता उतरतोय. फ्रान्सच्या नकाशांवर अशा धावपट्ट्यांपाशी 'फक्त फ्रेंच' अशी नोंद असते. हा उद्धटपणा समजू नकोस. रविवारी दुपारी पाच विमानं सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, असताना एकीचं बोलणं बाकी चौघांना कळलं नाही, तर त्या चौघांच्या दृष्टीनं ती तिथं नाहीच.

हे किती महागात पडू शकतं त्याची दोन उदाहरणं देते. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात एक सौदी आणि एक कझाक विमान एकमेकांवर आदळलं आणि 349 माणसं गेली. कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याखाली उतरलं. विमान हाकणारे वेगळे, रेडिओवर बोलणारा वेगळा, आणि एकूण इंग्रजी कच्चं, हे मुद्दे चौकशीत पुढे आले. अशा अपघातांनंतरच वैमानिकांचं इंग्रजी सहा पायऱ्यांवर मोजायचा आणि किमान चौथी पायरी गाठायचा नियम आला. तो 2008 पासून लागू आहे.

दुसरं उदाहरण तुझ्या फ्रान्समधलं. 25 मे 2000 च्या रात्री पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर एका फ्रेंच प्रवासी विमानाला उड्डाणाची परवानगी फ्रेंचमध्ये मिळाली. त्याच धावपट्टीवर मधल्या टॅक्सीवेनं, म्हणजे जोडरस्त्यानं, चढणाऱ्या ब्रिटिश मालवाहू विमानाशी बोलणं इंग्रजीत चाललं होतं. मूळ चूक विमानांचा क्रम लावण्यातली. पण धावपट्टीवरून दुसरं विमान सुटतंय, हे त्या ब्रिटिश वैमानिकांना ऐकूनही कळण्यासारखं नव्हतं. फ्रेंच विमानाचा पंख ब्रिटिश विमानाच्या कॉकपिटात घुसला आणि तिथला सहवैमानिक जागीच गेला. तेव्हा जिथं इंग्रजी चालतं तिथंही, भोवतालचे लोक फ्रेंच बोलत असतील तर फ्रेंच न कळणारा माणूस निम्मा बहिराच.

यावर तू म्हणशील, म्हणजे बाबांचंच खरं. थोडं खरं आहे. पण भाषा येणं म्हणजे काय, इथं बाबा आणि तू दोघंही गल्लत करताय असं मला वाटतं.

माझं सांगते. शिकत होते तेव्हा, वीसएक तास झाले असतील, आम्ही धावपट्टीच्या अलीकडे पिवळ्या रेघेपाशी थांबलो होतो. मी रेडिओवर फक्त टॉवरला हाक मारली, पुढचा निरोप सांगायला विसरले. टॉवरवरून उत्तर आलं, 'गो अहेड.' मी ब्रेक सोडला आणि विमानाचं नाक रेघेच्या पलीकडे जायला लागलं. शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरांनी दोन्ही पाय ब्रेकवर दाबले तेव्हा हिसका बसून माझं कपाळ समोर आपटता आपटता राहिलं. डावीकडून एक विमान उतरत येत होतं, त्याची चाकं धावपट्टीला टेकताना मी बघितली. 'गो अहेड' म्हणजे 'बोला, निरोप सांगा.' मी मनातल्या मनात त्याचं 'पुढे जा' केलं होतं. एव्हाना मला इंग्रजी चांगलं येत होतं, चुकले ते तेवढ्याचमुळे. इंग्रजीचा अर्थ लावला, धंद्यातला अर्थ माहीत नव्हता.

तुझे बाबा हे लगेच ओळखतील. हळदीच्या सौद्यात उभा राहिलेला परका माणूस मराठी बोलणारा असला तरी त्याला पहिल्या दिवशी काय कळतं? शब्द मोजके, त्यांचा क्रम ठरलेला, आकडे भरभर, आणि एकाचं बोलणं सगळ्यांनी ऐकायचं. रेडिओ तसाच आहे. ती बोली कादंबरी वाचण्याएवढ्या फ्रेंचवर अवलंबून नाही. सर्किटचे टप्पे, वारा, दाब, धावपट्टी मोकळी झाली, पुन्हा वर जातेय, परत सांगा, एवढं जमलं की छोट्या धावपट्टीवरचं बरंचसं बोलणं कवेत येतं. शिकवणीच्या वर्गात दोन वर्षं बसून मात्र हे येणार नाही, तिथं हॉटेलात जेवण मागवायला शिकवतात. म्हणून थांबण्याची तिसरी वाट मी आधीच बाजूला ठेवते. थांबशील तर दोन वर्षांनी छान फ्रेंच बोलशील आणि रेडिओवर आजच्याइतकीच कोरी असशील.

खरी अडचण आकड्यांची. आणि इथं सांगलीची पोर असणं उपयोगी पडेल.

इंग्रजी रेडिओवर एकेक अंक सुटा बोलतात. हवेचा दाब 1013 असेल तर 'वन झिरो वन थ्री.' फ्रेंच लोक रेडिओवरही अख्खा आकडा म्हणतात, 'मिल त्रेझ', एक हजार तेरा. आणि सत्तरच्या पुढे त्यांची मोजणी अशी चालते की इंग्रजीत विचार करणाऱ्याची दांडी उडते. ऐंशी म्हणजे 'कात्र-व्हँ', चार विसा, चार वेळा वीस. आपल्या आज्या असंच मोजायच्या ना? माझी आजी अंडी मोजताना 'तीन इसा नि दहा' म्हणायची. सत्तर हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. फ्रेंचांचे सत्त्याण्णव म्हणजे चार विसा आणि सतरा. ज्या डोक्याला एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी हे पाठ न करता कळतं, त्याला चार विसा सतरा जड नाही. फक्त मध्ये इंग्रजीला उभं करू नकोस. फ्रेंच आकडा ऐकला की थेट मराठीत टाक, विसांच्या हिशेबानं.

हे मी गमतीखातर सांगत नाही. समज, पावसाळी दिवशी दाब 987 आहे. रेडिओवर येईल नऊशे 'कात्र-व्हँ-सेत', चार विसा सात. तू ऐकलंस 'कात्र-व्हँ-दिसेत', चार विसा सतरा, म्हणजे 997. फरक एका 'दि'चा. अल्टिमीटर म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं यंत्र, त्याच्या खिडकीत तू 997 लावलास. दाबाच्या एका अंकाला साधारण 27 ते 30 फूट धरतात, म्हणजे काटा तुला खऱ्यापेक्षा जवळजवळ तीनशे फूट वर दाखवणार. सर्किट जमिनीपासून हजार फुटांवर असेल तर तू हजारावर आहेस असं समजून सातशेवरून फिरत असशील, आणि ढग खाली उतरलेल्या दिवशी टेकडीवरचा मोबाइलचा टॉवर तेवढ्यासाठीच तिथं उभा असतो. म्हणून ऐकलेला आकडा मोठ्यानं परत म्हणायचा आणि उडण्याआधी काटा धावपट्टीची उंची दाखवतोय ना हे बघायचं. चूक तिथंच, जमिनीवर सापडते.

आता दुसऱ्या दोन वाटा. कराडला येणं आईबाबांना आवडेल आणि मलाही ती धावपट्टी प्यारी आहे. कोयना धरणाच्या कामासाठी बांधलेली ती पट्टी, एका बाजूला कृष्णा-कोयनेचा संगम, उन्हाळ्यात दुपारी हवा अशी उसळते की शिकाऊ माणसाचा हात आपोआप तयार होतो. पण तुझा मुक्काम तुलूझला आहे. भारतातलं खासगी लायसन्स तिथं थेट बदलून घ्यायचं तर निदान 100 तासांचा अनुभव, कायदा आणि मानवी क्षमता या विषयांच्या परीक्षा आणि उड्डाणाची चाचणी असं सगळं लागतं. नव्यानं शिकलेल्याकडे 100 तास नसतात. शिवाय जून ते सप्टेंबर आपल्याकडे पावसात किती दिवस वाया जातात ते तुला सांगायला नको. कायमची परत येणार असशील तरच हा विचार कर.

दुसऱ्या देशातली इंग्रजी शाळा फसवी आहे असं मी म्हणणार नाही. युरोपीय नियमांखाली एका देशात मिळवलेलं लायसन्स बाकीच्या देशांतही चालतं. वर्षभरात दुसरीकडे बदली होणार असलेल्यांना मी हीच वाट सांगेन. पण तू चार वर्षं तिथं आहेस आणि परतायचं कुठं लिहिलेलं नाहीस. तीन आठवड्यांत लायसन्स घेऊन येशील आणि घराजवळच्या धावपट्टीवर उतरताना पुन्हा मुकीच असशील. मग फ्रेंच शिकशीलच, फक्त इन्स्ट्रक्टर शेजारी नसताना. तुलूझला तो आग्नेयेकडून येणारा ओताँ वारा सुटला की दिवसेंदिवस झोडपतो. तो कधी सोसायचा आणि कधी विमान हँगरमध्येच ठेवायचं, हे तिथलीच माणसं शिकवतील.

म्हणून माझं मत क्लबच्या बाजूनं आहे, पण एका अटीवर, आणि ती तुझ्या पत्रात आलेलीच नाही. तू रेडिओची काळजी करतेस. मला कॉकपिटातल्या दोन खुर्च्यांमधल्या भाषेची जास्त काळजी आहे. विमान आत्ता कुणाच्या हातात आहे, यावर दोघांचा गोंधळ झाला तर त्या क्षणी ते कुणाच्याच हातात नसतं. पहिल्या दिवशी, इंजिन बंद असताना, इन्स्ट्रक्टरबरोबर ठरवून घे: आता माझ्या हातात, आता तुझ्या हातात, उतरणं सोडून पुन्हा वर, काही हलवू नको. हे फ्रेंचमध्ये कसं म्हणायचं ते वहीत लिही, एकमेकांना म्हणून दाखवा आणि प्रत्येक वेळी दुसऱ्यानं उत्तर द्यायचंच असं ठरवा. उड्डाणाआधी कागदावर चित्र काढून समजावता का, असं विचार. चित्र काढून सांगणारा, तुटकं बोलणारा इन्स्ट्रक्टर मला अस्खलित पण घाईच्या माणसापेक्षा केव्हाही चालेल. तो वैतागला, "कळलं ना?" विचारून उत्तराची वाट न बघता पुढे गेला, तर दुसरा इन्स्ट्रक्टर माग. दुसरा नसेल तर दुसरा क्लब शोध. तिथं क्लब पुष्कळ आहेत.

आणि 'रेपेते' म्हणायला शीक. परत सांगा. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांमध्ये मी ज्यांच्यासाठी घाबरले ती भाषा न येणारी नव्हती. कळलं नसताना 'रॉजर', म्हणजे 'ऐकलं', म्हणणारी होती, आणि त्यातली बरीचशी आपल्यासारखीच, शाळेत इंग्रजीवरून हसू झालेली, हुशार. 'गो अहेड'च्या त्या दिवसानंतर मीही काही दिवस रेडिओवर तोंड उघडायला कचरत होते. इन्स्ट्रक्टर मला म्हणाले, "दहा वेळा विचार, मी दहा वेळा सांगतो. न विचारता हललीस तर खाली उतरवतो." पहिलीच्या वर्गात बसायची लाज तुला वाटते ती मी समजू शकते, पण विमानात तिला जागा नाही. तुला ती टाकता येईल की नाही, हे मला इथून सांगता येणार नाही. तूच बघ. टाकता येत नसेल तर इंग्रजी शाळा निवड, माझी काही तक्रार नाही.

तयारीचं सांगते, तुझ्यासारख्या इतरांनाही उपयोगी पडेल. पैसे भरण्याआधी वैद्यकीय तपासणी कर. खासगी लायसन्सला दुसऱ्या वर्गाचं प्रमाणपत्र लागतं आणि चाळिशीच्या आत ते साधारण पाच वर्षं चालतं. काही अडचण असेल तर ती आधीच कळलेली बरी. नियमानं किमान 45 तास लागतात, त्यातले 10 एकटीनं, आणि एकटीच्या एका फेरीत 270 किलोमीटर जाऊन वाटेत दोन वेगळ्या ठिकाणी उतरायचं असतं. बहुतेकांना 45 पेक्षा जास्त तास लागतात, तू तर भाषाही शिकणार, तेव्हा खर्चाचा अंदाज वाढवूनच धर. सगळी रक्कम आगाऊ भरायला सांगणाऱ्या शाळेपासून लांब राहा. माझ्या एका विद्यार्थ्यानं अशी भरली आणि सहा महिन्यांत शाळेला कुलूप लागलं. जेवढं उडशील तेवढे दे. हलक्या विमानाचं 30 तासांचं छोटं लायसन्सही मिळतं, स्वस्त पडतं, पण ते युरोपबाहेर धरत नाहीत. कधीतरी कराडच्या पट्टीवरून आईला वर न्यायचं मनात असेल तर पूर्ण खासगी लायसन्सच (पीपीएल) घे. लेखी परीक्षेचे नऊ विषय आहेत, प्रत्येकात 75 टक्के लागतात. अभ्यास इंग्रजी पुस्तकातून कर, पण परीक्षा कोणत्या भाषेत देता येते ते आधी विचार.

दर आठवड्याला क्लबात जा, उडायचं नसलं तरी. तिथं बहुतेक ठिकाणी ती लाकडी, कापड चढवलेली चार खुर्च्यांची विमानं असतात. कुणी निघालं की मागच्या खुर्चीत बसू का विचार आणि हेडसेट लावून नुसतं ऐक. महिनाभरात कान तयार होईल. जर्मनीत असणाऱ्यांनीही हेच करावं. तिथं छोट्या धावपट्ट्यांवर जर्मन चालतं आणि रेडिओसाठी वेगळा दाखलाही घ्यावा लागतो. त्याची चौकशी पहिल्याच आठवड्यात करा.

आईच्या प्रश्नाला उत्तर देत बसू नकोस. उपयोग काही नाही, आवडतं म्हणून, एवढं सांग. पण धोका लपवू नकोस. छोटं विमान प्रवासी विमानाइतकं सुरक्षित नसतं आणि ते आईबाबांना गुळमुळीत भाषेत सांगणं हा त्यांचा अपमान होईल. हवामान बिघडत असताना पुढे रेटायचं नाही, इंधन काठावर आणायचं नाही, हे आपल्या हातात असतं. तुझे नियम त्यांना लिहून पाठव. सांगलीत काढलेला आयुर्विमा असेल तर त्यात उड्डाणाबद्दल काय लिहिलंय ते वाच आणि कंपनीला कळव.

बाबांना मात्र नुसतं समजवू नकोस, कामाला लाव. आठवड्याला फोन करतेस तेव्हा त्यांना दहा आकड्यांची यादी करायला सांग. ते सौद्यात बोलायचे त्या वेगानं मराठीत आकडे म्हणतील, तू प्रत्येक आकडा फ्रेंचमध्ये म्हणायचास आणि अंकात लिहायचास. शेवटी तू लिहिलेले मराठीत परत वाचायचेस, ते आपल्या यादीशी ताडून बघतील. इतकी वर्षं कीर्दखतावणी लिहिलेल्या माणसाच्या नजरेतून चुकलेला आकडा सुटायचा नाही. यादीत 987 आणि 997 शेजारी-शेजारी घालायला सांग.